मार्लिस मागे मागे येते

हॅलो?… हो कारी, बोल… झालं जेवण. शेजारच्या इंग्रिडनं बटाट्याचा हॉटडिश आणून दिला होता, अजून अर्धा उरलाय… बर्फ? डुलुथला दुसरं काय असणार.

अगं, ठाऊक आहे मला. मागच्या रविवारी किल्ल्याच्या दारात माझा गेम अडखळला आणि माझ्यापायी सगळी टोळी मेली… डॅरिल काय म्हणाला?… आज पुन्हा अडखळलो तर टोळीतून बाहेर. बरोबर आहे त्याचं, टोळीचा म्होरक्या आहे तो.

हो, हो… यादी उघडलीय. कॉम्प्युटरवर काय काय चालू आहे ते दिसतंय. तू सांग, मी एकेक बंद करतो… हवामान? बंद. फोटो? बंद… हॉकीची मॅच ऐकतोय गं, ती राहू दे ना… बरं बाई, केली बंद. तसेही आपले हरतच होते.

नाही, पंखा अजून घोंघावतोय. डबा इतका तापलाय की मांजर त्याला टेकून झोपलंय…

काय?… हो, गेम यादीत दोनदा दिसतोय… नाही, चुकून नाही उघडला… अगं ऐक ना. एकात मी आहे. दुसऱ्यात तुझी आई.

हॅलो?… आहेस ना?

ती गेल्यापासून रोज दोन्ही उघडतो. पासवर्ड मांजराचं नाव, तिनं कधी बदललाच नाही… तीच, निळ्या टोपीची तिरंदाज. एकदा सांगून ठेवलं की मार्लिस माझ्या मागे मागे येते. मी वळलो की वळते, थांबलो की थांबते… छे, लढत नाही. नुसती येते. जन्मभर बाजारात ती पुढं आणि मी पिशव्या घेऊन मागं. आता उलटं झालंय.

कळतं मला. एका कॉम्प्युटरवर दोन गेम म्हणजे ओझं होणारच… हो गं, ती तिथं नाही, तेही कळतं. पण ती खिडकी बंद केली, की मागं वळून बघितल्यावर नुसता रस्ता दिसतो.

सगळे जमले?… बरं. थांब जरा. एक बंद करतो.

…केला. हो, आता पळतोय. पंखाही गप्प झाला. मांजर डोळे उघडून बघतंय माझ्याकडे.

मी? दारापाशीच आहे… दिसत नाही? अगं, मी माझा बंद केला. निळी टोपी बघ तिथं… हो. आत मीच आहे.

कारी?…

तिचा बाण कुठल्या बटणावर आहे ते मला ठाऊक नाही. तू सांगशील ना?… नाक पूस आधी, डॅरिल ऐकेल… चल, तू हो पुढं. आम्ही येतो मागून.

ठेवतो फोन. दोन्ही हात लागतील आता.