खऱ्या काळ्याची पारख

नाव : सरकारी कागदांवर आहे तेच, बाजारात ‘रेडिओवाले’ म्हणून ओळख. वय : ६१ वर्षे. धंदा : टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन यांची विक्री. राहणार : दुकानाच्याच वरच्या मजल्यावर.

मी आज रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देतो की,

आधी खर्च सांगतो. तक्रारीत ज्या टीव्हीचा उल्लेख आहे तो विकला गेलेला नाही. त्या न विकलेल्या टीव्हीपायी माझे झालेले नुकसान असे : दोन महिन्यांतले सगळे शनिवार, मोजणे सोडून दिलेले चहाचे कप, आज भर दुपारी खाली ओढलेले शटर, आणि माझे एक सेल्समन, जे सकाळी जेवणाचा डबा घेऊन कामावर आले ते आता तो डबा मांडीवर ठेवून ठाण्याबाहेरच्या बाकावर बसले आहेत. तक्रारदारांचे नुकसान एक चापट. चष्माही फुटला असे तक्रारीत लिहिले आहे. चष्मा त्यांच्या नाकावर आहे.

मी फारसा शिकलेला नाही. रस्त्याच्या कडेला रेडिओ दुरुस्त करत होतो, मग एक गाळा घेतला, मग शेजारचा रिकामा झाला तो घेतला. डोळ्यांना जवळचे आणि लांबचे असे दोन चष्मे आहेत. कानांना अजून काही लागत नाही.

सदर सेल्समनना दुकानात सगळे मास्तर म्हणतात, कारण ते गिऱ्हाइकाला समजेपर्यंत समजावून सांगतात आणि नाही समजले तरी रागावत नाहीत. ते माझ्याकडे अठरा वर्षे आहेत. त्यांच्यावर मारहाणीचा गुन्हा नोंदला गेला तर मी त्यांना कामावरून काढणार नाही, पण त्यांच्यापुढे गिऱ्हाईक उभे राहणार नाही. घरात दोन मुली शिकत आहेत. हे सांगायला हवे म्हणून दुकान बंद ठेवून मी आलो आहे.

तक्रारदार हे कर सल्लागार असून त्यांना सिनेमा पाहण्यासाठी व गेम खेळण्यासाठी भारीतला भारी टीव्ही घ्यायचा होता. गेम कोण खेळते असे मास्तरांनी विचारले असता, मुले बाहेरगावी असून स्वतःच खेळतो असे त्यांनी सांगितले. पहिल्याच दिवशी ते मास्तरांना म्हणाले की मला काही समजावू नका, मी अभ्यास करून आलोय. अभ्यास म्हणजे मोबाइलवरचे व्हिडिओ. दर शनिवारी ते एक नवा शब्द घेऊन येत. एका शनिवारी एकशेवीस हर्ट्झ, त्याच्या पुढच्या शनिवारी एकशेवीस हर्ट्झवाले कसे फसले ते. मास्तर दर वेळी ‘हो का’ म्हणून ऐकून घेत. हे सगळे त्यांनी टीव्ही कंपनीच्या ट्रेनिंगला आधीच ऐकलेले होते, पण दुसऱ्याच्या तोंडून नव्याने ऐकण्याची त्यांना सवय आहे.

तक्रारदारांच्या पत्नी प्रत्येक वेळी सोबत असत. त्या घरी शिवणकाम करतात. मी त्यांना वहिनी म्हणतो. त्या कमी बोलत, पण बोलल्या की मास्तरांना गोदामात काहीतरी काम निघे, आणि तिथून हसण्याचा आवाज मला काउंटरपर्यंत येई. उदाहरणार्थ, तक्रारदार एकदा म्हणाले की आपण गेममध्ये हरतो ते जुन्या टीव्हीमुळे, बटण वेळेवर दाबले तरी चित्र उशिरा हलते. त्यावर वहिनी म्हणाल्या, “घरात हाक मारली तरी तुम्ही उशिराच हलता. तिथे कुठला टीव्ही मध्ये येतो?” दुसऱ्या एका शनिवारी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले की, हे गेममध्ये रोज मरतात, महागाच्या टीव्हीवर वाचतील याची काही वॉरंटी मिळते का. मी मिळत नाही असे सांगितले.

टीव्ही कोणत्या खोलीत लागणार, हा प्रश्न मास्तरांनी तीनदा विचारला होता. भिंत केवढी, खिडकी कुठे, बसणार किती लांब, हे कळल्याशिवाय महागडा टीव्ही सुचवू नये अशी आमची पद्धत आहे. तीनही वेळा तक्रारदार म्हणाले की ते मी बघून घेईन. वहिनी म्हणाल्या, “हॉलमध्येच की. दुसरी रिकामी खोली आहे कुठे?” त्यावर तक्रारदारांनी रिमोटच्या बॅटरीविषयी प्रश्न विचारला. तो प्रश्न विषय बदलण्यासाठी होता हे तेव्हा माझ्या ध्यानात आले, पण गिऱ्हाइकाच्या घरात किती खोल्या आहेत हे मोजणे माझ्या धंद्यात बसत नाही.

शेवटी निवड दोन टीव्हींवर आली. दोन्ही एकाच भिंतीवर शेजारी शेजारी लावलेले आहेत. उजवीकडचा डावीकडच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट किमतीचा आहे. आता फक्त काळा रंग बघायचा राहिला असे तक्रारदार म्हणाले. त्यांचे म्हणणे असे की रंग काय, कुठलाही टीव्ही दाखवतो. टीव्हीची जात काळ्यावरून कळते. त्यासाठी त्यांनी पेन ड्राइव्हवर एक व्हिडिओ आणला होता. मी तो पाहिला. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता काळा पडदा आहे. पेन ड्राइव्ह बिघडला काय असे मी मास्तरांना हळूच विचारले. ते म्हणाले, नाही, सिनेमा चालू आहे.

आज दुपारी तक्रारदार व वहिनी दुकानात आले. दोन्ही टीव्हींवर सदर व्हिडिओ लावण्यात आला. उजेडात काही कळत नाही म्हणून तक्रारदारांनी बाकीचे सगळे टीव्ही बंद करायला लावले. मग दिवे. मग रस्त्यावरचा उजेड येतो म्हणून शटर. मी इतर नोकरांना जेवायला पाठवले आणि शटर ओढून घेतले. आत चौघेच राहिलो. एवढे होऊनही एका स्टॅबिलायझरचा हिरवा दिवा आपल्या डोळ्यांत जातो असे तक्रारदार म्हणाले. मी मास्तरांना म्हटले, “द्या यांना पाहिजे तेवढा अंधार.” विजेचा बोर्ड दुकानाच्या पार मागे, जिन्याखाली आहे. मध्ये वॉशिंग मशीनची रांग आणि खोक्यांची चळत आहे. मास्तर तिकडे गेले. तक्रारदारांनी दोन्ही टीव्हींचे रिमोट माझ्या हातांत दिले, डावा डाव्यात, उजवा उजव्यात, आणि सांगेपर्यंत काही दाबू नका असे बजावले. स्वतःच्या दुकानात मी असा याआधी उभा राहिलेलो नाही.

मग खटका ऐकू आला आणि पूर्ण अंधार झाला. एसी थांबला, पंखे थांबले. तक्रारदार म्हणाले, “वा. सिनेमाला अशीच शांतता पाहिजे.”

त्यानंतर त्यांनी दोन्ही टीव्हींची तुलना केली. ती मी जशी ऐकली तशी सांगतो. “डावीकडचा बघा, राखाडी मारतोय. कोपऱ्यात तर चक्क धुकं आहे. आणि आता उजवा बघा. हा खरा काळा. बघा, बघा, अजून खोल होतोय. हा फरक कळायला नजर लागते, सगळ्यांना नाही दिसत.” मला दिसला नाही. मला दोन्हीकडे सारखेच दिसले, पण मी कानाचा माणूस, म्हणून गप्प राहिलो. वहिनींना दिसला का असे त्यांनी विचारले. वहिनी म्हणाल्या, “मला तुम्ही पण दिसत नाही. बरं वाटतंय.”

निवड झाल्याच्या आनंदात तक्रारदार पुढे म्हणाले की, आता मास्तरांच्या प्रश्नाचे उत्तर देतो. टीव्ही हॉलमध्ये लावायचा नाही. “हिची ती शिवणाची खोली आहे ना, तिला दोन खिडक्या आहेत तेवढ्या विटांनी बुजवायच्या. गवंड्याला सांगून ठेवलंय, सोमवारी येतोय. भिंतींना काळा रंग. मशीन काय, जिन्यात पण बसेल, नाहीतर देऊन टाकू. तसंही दोन-चार ब्लाउजांसाठी अख्खी खोली म्हणजे,”

वाक्य तिथपर्यंतच आहे.

चापटीचा आवाज कसा होता असे विचारल्यावरून सांगतो की, बरेच दिवस राहून गेलेले काम एकदाचे हातावेगळे झाल्यासारखा होता. त्याच्या आधी आणखी काही आवाज आला का, असेही मला विचारण्यात आले. आला. बारीक, किणकिणता आवाज होता. कशाचा असे विचारल्यास, माझ्या दुकानात पुष्कळ वस्तू आहेत आणि त्यातल्या बऱ्याच वाजतात. मास्तरांच्या हातात घड्याळसुद्धा नसते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

तक्रारदारांच्या तोंडून ‘आई गं’ निघते न निघते तोच पुन्हा खटका वाजला व दिवे लागले. तक्रारदार गाल धरून उभे होते. चष्मा खाली पडला होता. तो वहिनींनी उचलला, रुमालाने पुसला, त्यांच्या नाकावर नीट बसवला आणि विचारले, “फार लागलं का हो?” मास्तर जिन्याखालून खोकी चुकवत येत होते, तेव्हा तक्रारदारांनी त्यांच्याकडे बोट दाखवून यानेच मारले असे म्हटले. का मारले असे मी विचारले असता, मी एवढ्या फेऱ्या मारायला लावल्या म्हणून त्याच्या मनात राग असणार, असे ते म्हणाले. हे मला मान्य आहे. राग दुकानात प्रत्येकाच्याच मनात होता. त्यावरून हात कोणाचा हे ठरत नाही.

शटर बंद असताना आत कोण कोण होते ते मी वर सांगितले आहे. मास्तर बोर्डापाशी होते. मी दोन हातांत दोन रिमोट धरून होतो. तक्रारदार मार खात होते. मी फक्त पाहिलेले व ऐकलेले सांगायला आलो असल्याने इथे थांबतो.

ठाण्याबाहेर बाकावर तक्रारदारांच्या पत्नी व मी काय बोललो, असे विचारल्यावरून सांगतो की, त्यांनी आधी मास्तरांना पाण्याची बाटली आणून दिली आणि डबा उघडा म्हणाल्या. मास्तरांनी उघडला नाही. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “भाऊ, तुम्हाला फार लांबचं ऐकू येतं म्हणे.”

मी म्हटले, “वय झालं वहिनी. आता सगळंच नाही येत.”

त्या म्हणाल्या की मास्तरांच्या अंगावर हे राहणार असेल तर मी आत येऊन बोलते, मला त्याचे काही वाटत नाही. फक्त सोमवारी गवंडी येईल तेव्हा मला घरी असायला पाहिजे. मी म्हटले, आधी माझा जबाब होऊ द्या.

तक्रारदारांच्या तक्रारीत पुढीलप्रमाणे नमूद आहे, ते मला वाचून दाखवण्यात आले : “अंधार झाल्यावर सदर सेल्समन बोर्डापाशी नव्हता. तो उजव्या टीव्हीजवळ येऊन त्याचे सेटिंग करत होता. त्यामुळे चित्रातील काळा रंग सुधारत गेलेला मी स्वतः डोळ्यांनी पाहिला. तिथूनच त्याने हात उगारला.” याबाबत माझे म्हणणे विचारले असता, मी साहेबांना एवढीच विनंती केली की एक जमादार माझ्या दुकानात पाठवून जिन्याखालचा बोर्ड बघून घ्यावा.

जमादार दोन पंच व मास्तरांना घेऊन जाऊन आले. त्यांनी बोर्ड पाहिला, मास्तरांनी दाखवलेला खटका खाली केला, वर केला, पुन्हा खाली केला. ते परत आल्यावर साहेबांनी मास्तरांना डबा उघडायला सांगितले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याबरहुकूम उतरला आहे व खरा आहे. फक्त ज्या ठिकाणी ‘त्यानंतर त्यांनी दोन्ही टीव्हींची तुलना केली’ असे लिहिले आहे, तिथे जमादारांना दिसले ते जोडावे अशी मी विनंती केली, ती मान्य होऊन खाली जोडले आहे व त्याखाली मी सही केली आहे.

सदर खटका संपूर्ण दुकानाचा मेन असून तो खाली केल्यावर दोन्ही टीव्ही बंद होतात.