जवळच्याचं आधी, लांबच्याचं कधी?

मंडळी, एक सांगा. दोघं तुमच्याकडे काम घेऊन आले – एक हाताशी, एक लांब. आधी कुणाचं कराल? जवळच्याचं! मीही तेच करीन. त्यात पाप आहे का? ऐका!

केतकी रणदिवे नावाची एक इंजिनिअर होती. कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये एक तबकडी फिरते, तिच्यावर एक दांडी सरकते आणि हवी ती माहिती ठेवते, हवी ती उचलते. मागण्या शेकडो, दांडी एकच! कुणाची मागणी आधी पुरवायची, हे ठरवणारा प्रोग्राम केतकीनं लिहिला. नियम सोपा – दांडीच्या जवळ असेल त्याचं आधी. फेऱ्या वाचल्या, वेग वाढला. तिचे साहेब दातार खूश! एका रुग्णालयात यंत्र बसलंसुद्धा.

एका दुपारी तिथून डॉक्टर सामंतांचा फोन. "अहो, यमुनाबाई भोईटे म्हणून एक आजी इथं बेशुद्ध आहेत. कुठलं औषध त्यांना चालत नाही, ते जुन्या नोंदीत आहे. नोंद उघडतच नाही! मशीन बंद पडलंय का?"

केतकीनं तपासलं. बंद? छे! मशीन जोरात चालू होतं! एक्स-रेचे फोटो सारखे येत होते, सगळे तबकडीच्या एका कडेला. दांडी तिथंच घुटमळत होती. यमुनाबाईंची नोंद दुसऱ्या कडेला. प्रत्येक नवा फोटो जवळचा – आणि म्हातारी मागे, आणखी मागे!

"डॉक्टर, एक्स-रे थांबवा! आत्ता!"

थांबवले. नोंद उघडली. डॉक्टर म्हणाले – "सिस्टरनी तेच औषध सुईत भरलं होतं हो..."

बाई वाचल्या. केतकी मात्र खुर्चीत बसून रडली. तिची चूक काय, मंडळी? तिनं कुणाचं वाईट चिंतलं होतं?

दातार म्हणाले, "मग आल्या क्रमानं घे सगळ्यांना."

"मग दांडी नुसती इकडून तिकडे पळेल, साहेब. सगळेच रखडतील. जवळच्याचंच आधी करू. पण प्रत्येक मागणीला मुदत देऊ. मुदत संपली, की हातातलं सोडून तिच्याकडे जायचं."

"वेग कमी होईल. गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"मी सांगते."

आणि गेली की! रुग्णालयात उभी राहून म्हणाली, "यंत्र थोडं हळू झालंय. ते मीच केलंय. आता कुणी अडकून राहणार नाही." एक्स-रेवाला कुरकुरला. सामंतांनी तिच्यापुढं खुर्ची सरकवली.

मंडळी, आपणही बंद पडलेलो नसतो! दिवसभर राबतो – समोर येईल त्याचं, ओरडेल त्याचं. आणि गावाकडची थोरली बहीण? आजारी मित्र? "बघू उद्या!" त्यांना मुदत कुणी द्यायची?

आता कीर्तन संपवून देवाच्या नावाचा गजर घ्यायचा. पण कुणाचा फोन राहिला असेल, तर उठा, बाहेर जाऊन करून या. आम्ही थांबतो. देवाला थांबायची सवय आहे हो – त्या माणसाला किती थांबवाल?