तीन नंबरच्या ठाणातली घोडी

नाही, नाही, न्या ना! मी कुठे नको म्हणतेय? घोडी तुमची, घर तुमचं, ट्रक तुम्ही आणलाय — मी कोण अडवणारी? मी एवढंच म्हणतेय, डॉक्टर, की पाच मिनिटं बसा. आणि त्या ड्रायव्हरला सांगा, मागची फळी इतक्यात पाडू नकोस म्हणावं — आवाजाला बुजतात हो ही. मघाशी ट्रक मागे घेताना तो टूं टूं करत होता ना, तेव्हापासून सगळ्यांचे कान उभे आहेत. बसा. हे स्टूल घ्या — एक पाय आखूड आहे त्याचा, भिंतीला टेकवा म्हणजे झालं. आणि डोळे पुसा आधी. अहो, त्यात लाजायचं काय! चौदा महिन्यांनी भेट झाली, माणूस रडणारच. मी पाहिलं ना सगळं. तबेल्यात पाऊल टाकलंत ते इकडे नाही बघितलं, तिकडे नाही, सरळ तीन नंबरच्या ठाणात शिरलात आणि घोडीच्या गळ्यात हात टाकून 'चॉकलेट, माझं चॉकलेट' — आणि तिनेही तुमच्या खांद्यावर मान टाकली. टाकली खरी. आता तुमच्या खिशात गाजरं होती, ते सोडा. त्या वेळी मध्ये काही बोलायची सोयच नव्हती. हातात बादली घेऊन मी नुसती उभी.

तर ठरलंच म्हणता, घरी ठेवायची. चांगलं आहे. हल्ली सगळ्यांचंच ठरतंय. त्या वकीलबाईंनी नेली, मग ते चष्म्याच्या दुकानवाले — त्यांनी तर दोन्ही नेले. आधी सगळे म्हणतात, मावशी, तुमच्याशिवाय कोण सांभाळणार, आणि मग कोणीतरी घरामागे चार खांब उभे केले की मावशी गेल्या विस्मरणात. माझं काही म्हणणं नाही. पण मला सांगा, जागा कशी केलीत? — फरशी? म्हणजे गुळगुळीत फरशी? बाथरूमला घालतात तशी? अहो डॉक्टर, तिच्या पायात नाल असतात! पहिल्याच दिवशी पाय फाकून बसेल, मग उचलायला क्रेन बोलवा. खाली माती हवी, नाहीतर रबराचं जाड अंथरूण. — पंखा बसवलाय? आणि खरारा रोज स्वतः करणार? बरं, पंख्याला माझी हरकत नाही. — काय बसवलंय? परत सांगा. — आरसा! एकटं वाटू नये म्हणून! कोणी सांगितलं? — हां, हो, काही जण लावतात, मीही ऐकलंय. पण मी म्हणते, तुमच्या मिसेसना महिनाभर माहेरी पाठवलं आणि तुमच्यापुढे आरसा ठेवला, तर चालेल तुम्हाला? — हसू नका. घोडं एकटं राहत नाही. झुरतं. दाराचं लाकूड कुरतडतं, नाहीतर एका जागी उभं राहून दिवसभर डुलत बसतं. दुसरं घोडं आणा. नाहीतर बकरी तरी आणा. बकरी आणायची तयारी आहे का घरच्यांची? विचारलंय?

आणि लीद. लिदीचा विचार केलात? रोज एक मोठं घमेलं भरून — एक कसलं, दोन. रविवारीसुद्धा. तुमच्याकडे पाहुणे येऊन चहाचा कप तोंडाला लावतील आणि त्याच वेळी ही कार्यक्रम उरकेल. आणि नालबंद — तो दर दीड महिन्याने इथे येतो, कारण इथे त्याला एकदम सहा घोडी मिळतात. तुमच्या एकटीसाठी तो गावाच्या त्या टोकाला यायचा नाही, 'उद्या येतो' म्हणेल आणि फोन उचलायचा नाही. आणि कुंपण? कुंपणाला काय लावलंय? — कण्हेर? गुलाबी फुलांची? अहो, उपटा! आजच उपटा! चार पानं पोटात गेली तरी घोडं जातं. तुम्ही दातांचे डॉक्टर असलात म्हणून काय झालं, कण्हेर ठाऊक नाही तुम्हाला? आणि आक्काला तर इतकी खोड आहे ना, कुंपण दिसलं की तोंड घालायची —

कोण आक्का? आक्का म्हणाले मी? — चॉकलेट हो. लाडाने म्हणतो आम्ही इथे. चौदा महिने झाले ना, चॉकलेट चॉकलेट म्हणून जीभ वळेना, मग आपलं आक्का. तर मी काय सांगत होते — हां, सकाळचं. सकाळी साडेपाचला दारावर लाथ मारते ती, कारण तेव्हा माझी खिडकी उघडते आणि चहा होतो. — हो, चहा. बशीत. बिनसाखरेचा नाही चालत. — आधी प्यायची नाही म्हणता? वय झालं की लागतात हो सवयी. म्हणजे वय — तसं नाही. वय कुठलं तिचं!

आता नातीचं काय काढलंत मध्येच? नातीला शिकवणार तिच्यावर? रपेट? उड्या? छे छे छे! उड्या कसल्या मारतेय ती! अहो, पुढच्या दोन्ही गुडघ्यांना तेल लावल्याशिवाय उठत नाही सकाळी. ट्रकच्या फळीवर तरी चढेल का, याचीच मला शंका — बघा ना तिच्याकडे, कशी उभी आहे, एक पाय सैल सोडून. — नऊ वर्षांची. हो. तुमच्या हिशोबाने नऊच. बरोबर आहे तुमचं.

डॉक्टर, तुम्ही मला एक सांगा. किती वर्षं दवाखाना चालवलात? पस्तीस? पस्तीस वर्षं लोकांच्या तोंडात बघितलंत. रस्त्यात माणूस भेटला तर चेहऱ्यावरून ओळखत नाही, दातावरून ओळखतो, असं तुम्हीच मला एकदा सांगितलं होतंत. आणि मघाशी एवढ्या मिठ्या मारल्यात, गाजरं भरवलीत — एकदा तरी तोंडात बघितलंत? — नाही, आता जाऊ नका! म्हणजे — जा. जा, बघा. कधीतरी बघावंच लागणार. हळूच वरचा ओठ उचला, ती चावत नाही, सवय आहे तिला. — दिसलं? लांब झालेत, पिवळे, पुढे आलेत आणि वरचा एक नाहीच. तो गेल्या थंडीत पडला. घोड्याचं वय दातात असतं, हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे कमाल झाली. बावीस वर्षांची आहे ती. ती तुमची चॉकलेट नाही, डॉक्टर. ती माझी आक्का आहे.

रागवा. — रागवा म्हणतेय तर! मला बरं वाटेल. अहो, कसं सांगणार होते मी? तुम्ही तिच्या मानेत तोंड खुपसून रडताय, तिकडे तो ड्रायव्हर बघतोय, आणि मी मध्ये जाऊन म्हणू, साहेब, घोडी चुकली? कुणी चुकीच्या घरात जाऊन चुकीच्या म्हातारीच्या पाया पडलं तर सांगता येतं का तोंडावर? आधी आशीर्वाद तरी पुरा होऊ द्यावा लागतो. मला वाटलं, इथेच ठेवायची असं तुमच्या गळी उतरवलं की तुम्ही ट्रक परत न्याल, आणि मग मी सावकाश, दोनचार दिवसांनी — पण तुम्ही ती कण्हेर सांगितलीत आणि माझं डोकंच फिरलं. आणि चूक माझीही आहे, मी नाही म्हणत नाही. तुमच्या चॉकलेटने शेजारच्या पांढऱ्या घोड्याचा कान चावला म्हणून तिला सात नंबरला हलवली, आणि आक्काला इथे तीनला आणली, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. पण ती पितळी पाटी तुम्ही स्वतःच्या हाताने ठोकलेली, 'चॉकलेट' लिहिलेली, तिचे स्क्रू गंजलेत — उद्या काढू, परवा काढू, राहिली. तुम्ही पाटी वाचलीत आणि शिरलात. रंग तोच, कपाळावर ठिपकाही तसाच. फक्त तुमच्या घोडीच्या मागच्या पायाला पांढरा मोजा आहे, मोजा घातल्यासारखा पांढरा पट्टा. हिला तो नाही, हे इथे गवतात कुठे दिसणार?

आता खरं सांगू? सांगायला नको खरं तर. तुम्ही पंखा म्हणालात ना, आणि रोज स्वतः खरारा करणार म्हणालात — तेव्हा एक क्षण माझ्या मनात आलं, की जाऊ दे. नेऊ दे यांना. मी त्रेसष्टची, ती बावीसची. माझं काही झालं तर तिला कोण विचारणार? माझ्यानंतर येणारी नवी माणसं तिला एक दिवस ठेवायची नाहीत. तुमच्याकडे निदान दातांचा डॉक्टर तरी घरचा. वकीलबाईंची घोडी गेली तेव्हा नाही वाटलं काही, चष्मेवाल्यांचे दोन्ही गेले तेव्हाही नाही. आणि ही जायची म्हटलं तर चहा कोणाबरोबर प्यायचा, हा एवढाच विचार आला, बघा. लाज वाटते सांगायला. पंखा कितीही फिरला तरी नाही देणार मी तिला. झालं. बोलले.

चला, उठा. तुमची दाखवते. — का? भीती कसली? — ओळखणार नाही म्हणून? डॉक्टर, तुम्ही इतके दिवस आला का नाहीत, हेच तर मला कळलं नव्हतं. आधी गुडघ्याचं ऑपरेशन, ते समजलं. मग दवाखाना आवरायचा, तेही समजलं. पण मग? — हं. मग जायला लाज वाटायला लागली. जितके दिवस जातील तितकी जास्त. असं होतं खरं. पण मी तुमच्यापासून लपवत नाही: पहिले तीन महिने रविवारी सकाळी कुठलीही गाडी वाजली की ती दाराशी यायची. कान असे पुढे. मी म्हणायचे, अगं, ती भाजीवाल्याची गाडी. मग थांबली यायची. मग तिने कान चावला. मी जोडत नाही दोन गोष्टी, तुम्ही जोडा हवं तर.

ही बघा. सात नंबर. मोजा दिसला? — आली नाही पुढे. पाठ फिरवली. बायकोसुद्धा एवढी स्पष्ट पाठ फिरवत नाही. थांबा! हाक मारू नका! आणि गाजर काढू नका, गाजराला तर आक्कासुद्धा पाघळली, त्याने काही सिद्ध होत नाही. अहो ड्रायव्हरभाऊ, इंजिन बंद करा! आज कोणी कुठे जात नाही! — नाही डॉक्टर, आज नाही. अशी नेलीत तर तुमच्या त्या फरशीवर ती आरशालाच लाथा घालेल. तुम्ही आता रिकामे आहात ना? मग रोज या. लीद तुम्हीच उचला, घमेलं कसं भरतं ते हाताला कळू दे. तोवर घरी कण्हेर उपटा, फरशी काढा, बकरीचं विचारा. मग महिनाभराने मीच म्हणेन न्या, मीच चढवून देईन तिला. नाहीतर इथेच राहू दे. जिथे ठेवाल तिथे रोज तोंड दाखवा, एवढंच. मी मघाशी घाबरवलं ते थोडं जास्तच होतं. फक्त कण्हेर खरी. आणि बकरी.

ही बादली पालथी घाला. बसा तिच्यावर. तिच्याकडे पाठ करून — हो, पाठ करून, तिने केलीय तशी. आता काही करायचं नाही. बोलायचं नाही, वळून बघायचं नाही, खोकायचं नाही. माझ्याकडे बघा हवं तर. हे असं मी नव्या घोड्यांना करते, माणसाला पहिल्यांदाच करतेय. तुम्ही काही कामाचे नाही असं तिला वाटलं पाहिजे, मग ती विचार करेल, हा इथे बसलाय कशाला. तो पांढरा होता ना, त्याने अठरा दिवस लावले होते, मी रोज अशीच बसायचे, स्वेटर विणला पूर्ण, बाही तेवढी — हलू नका. गवत वाजलं ते तिचंच. येतेय. कान कसे केलेत ते सांगत नाही मी, तुम्ही रडाल परत. — कॉलर आहे ती, मान नाही, चावत नाहीये हो, वास घेतेय. हुंगू दे. चघळू दे. नवा शर्ट असला तर असू दे. — अहो, मीच बोलतेय मघापासून, नाही का? श्श. मी पण —