कुरडया आणि पेनल्टी

रेफरीला लोक शिव्या देतातच, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण एकदा सरूमावशीनं मला पुरतं गार केलं. विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या आधीची गोष्ट. मी परभणीत ड्रॉइंगचा मास्तर आणि उन्हाळ्यात जुन्या स्टेडियमवर फुटबॉलचा रेफरी. निजामाच्या काळातल्या त्या दगडी पायऱ्या अशा तापायच्या, की शेजारच्या गल्लीतल्या बाया तिथंच कुरडया वाळत घालायच्या.

फायनलच्या दिवशी त्यांतल्याच सरूमावशीनं गोलजवळच्या पायरीवर धोतर अंथरलेलं. मी म्हणालो, "मावशी, उचला आता. सेलूची टीम आलीय."

"वल्या हायत अजून. तुमी खेळा, मी राखत बसते."

बसली. शेवटची पाच मिनिटं, बरोबरी, सेलूच्या गोलपुढं झुंबड, आणि मावशी ताडकन उठून ओरडली, "ओ मास्तर! त्यानं हातानं मारला की!"

सगळं स्टेडियम हसलं. मला काहीच दिसलं नव्हतं. मी ओरडलो, "मावशी, तुम्ही कुरडया बघा!"

तेवढ्यात सेलूचा बॅक खाली मान घालून म्हणाला, "सर, मावशी खरं बोलायलीय. हात लागला माझा."

पेनल्टी दिली, गोल झाला, सेलू हरलं. पण त्या पोराला परभणीच्या लोकांनी खांद्यावर घेतलं.

मावशी कुरडया गोळा करत मला म्हणाली, "मास्तर, डोळे दाखवा कुणाला तरी."

सोमवारी दाखवले. डॉक्टरांनी नंबर काढला आणि हळूच विचारलं, "किती वर्षं रेफरी आहात तुम्ही?"