दुसरीच्या वर्गातली शिवी

तळवलीजवळच्या पालिका शाळेत, हेडबाईंच्या दाराबाहेर, माझ्या शेजारी गावातली एक आजी आणि मार्केटात हमाली करणारे एक आजोबा बसले होते.

“तुमच्या ज्ञानेश्वरीनं माज्या मितेशला शिवी दिली. ती पन आमच्या आगरीत.”

“आमी साताऱ्याचे, विमलबाई. आमच्या घरात आगरी येतंय कुणाला?”

“मंग मितेशनंच शिकवली आसंल. वर्गातल्या बाई मुद्दाम वेगवेगल्या भाषेची पोरं एका बाकावर बसवतात.”

“जोरात दिली का?”

“आख्ख्या वर्गाला आयकू गेली.”

“आई गेल्यापासनं सात महिने पोरगी एक शब्द बोलली नव्हती.”

“मंग आता मी तक्रार कशाची करू?”

“करा की. फक्त तिचा बाक बदलू नका म्हणावं.”

“बदलतंय कोन? मितेशला अजून जाम शिव्या येतात.”