‘वेट सॅडल’ गाण्याच्या एकमेव फितीबाबत

मी, रुचिर मनोहर ढवळे, वय २४, शिक्षण बारावी (पुढचं अर्धवट), व्यवसाय सध्या नाही, राहणार सांगली, हल्ली मुक्काम बहीण जयंतीकडे, झूटरमेर, नेदरलँड्स, पोलिसांसमोर समक्ष हजर राहून मराठीत लिहून देतो की,

बहिणीच्या शेजारी वासुदेव जावळे, वय ७९, व त्यांच्या पत्नी सुहासिनी राहतात. मी त्यांना आजोबा-आजी म्हणतो. घरातून जुन्या ध्वनिफितीचं रीळ चोरीला गेल्याची तक्रार आजींनी मंगळवारी दिली आणि संशय बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसावर घेतला. चोरी झालेली नाही. रीळ मी नेलं. त्या माणसाचा काही संबंध नाही.

रिळावर ‘वेट सॅडल’ हे १९७६ सालचं फंक, म्हणजे ठेक्यावर नाचायचं, गाणं होतं. ओल्या सीटच्या सायकलवरून कामाला निघालेल्या माणसाचं. ते आर्नहेमच्या एका स्टुडिओत रेकॉर्ड झालं. आजोबा तिथे झाडलोट करायचे. त्याआधी ते एका ऑर्केस्ट्राबरोबर ढोलकी घेऊन आले होते. पार्टी परत गेली, हे राहिले. का राहिले ती वेगळी गोष्ट आहे, तिच्यात एक घोडापण आहे, पण पोलीसबाईंनी मुद्द्यावर यायला सांगितलं.

त्या दिवशी बँडचा कोंगा हा उभा ढोल वाजवणारा आला नाही. आजोबांनी ढोलकी काढली. थंडीने तिचा सूर उतरला होता, म्हणून रेडिएटरजवळ धरून शेकली. बँडमधली पोरं दर वेळी ठेक्याच्या आधीच घुसायची. तिसऱ्या खेपेला आजोबांनीच मोजून सुरुवात केली. पहिले अकरा सेकंद फक्त ढोलकी आहे. रेकॉर्ड छापताना मोजणी कापली. कव्हरवर तालवाद्यापुढे ‘अज्ञात’ असं आहे.

ते अकरा सेकंद पुढे रॅपवाल्यांनी उचलले, बुटांच्या जाहिरातीत आले. सांगलीला कॉलेजच्या गॅदरिंगला मी त्यावर नाचलोय, तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. इंटरनेटवर लोक भांडतात, कोणी म्हणतं मशीन आहे, कोणी म्हणतं क्यूबाचा माणूस. आजोबा म्हणतात, मी. कोणी मानत नाही. मोजणी मराठीत होती आणि ती फक्त आजोबांनी जपलेल्या या मूळ रिळावर होती.

नायमेखनची चैत्राली जुन्या ध्वनिमुद्रणांचं काम करते. ती गुरुवारी रीळ न्यायला येणार होती. अशी फीत चिकट होते, आधी आठ तास मंद उबेत शेकावी लागते, नाहीतर आवाज धरणारा थर सुटून येतो, असं तिने सर्वांसमोर सांगितलं होतं. “ढोलकीसारखंच की,” आजोबा म्हणाले. “रुचिर, तू हात लावायचा नाहीस हं,” ती म्हणाली. मी हो म्हणालो.

सोमवारी दुपारी दोनला, जुन्या सामानाच्या दुकानात मिळालेल्या मशीनवर मी ती लावली. आधी नुसती ऐकू, मग पुन्हा लावून फोनवर घेऊ, असा विचार केला. फीत एकदा वाजली. दुसऱ्यांदा नुसती खरखर. मशीनवर तपकिरी भुकटी साचली होती. मी रीळ पिशवीत घातलं आणि मिळेल त्या ट्रेनने फिरत राहिलो. दोन दिवस कुठे होतो ते नीट सांगता येणार नाही.

आज सकाळी परत येऊन आजोबांना सांगितलं. आजी आत निघून गेल्या. आजोबा म्हणाले, “पन्नास वर्षं थांबली ती. तुला गुरुवारपर्यंत थांबवेना?” मग म्हणाले, “काय म्हणालो होतो रे मी? नक्की आठवत नाही आता.”

मी त्यांना सांगितलं, तेच इथे लिहून देतो. आधी स्टूल सरकल्याचा आवाज. कोणीतरी हसतं. मग तरुण माणसाचा आवाज, स्वच्छ मराठीत: “घाई करू नका रे. एक, दोन, तीन.” मग ढोलकी.

हे ऐकलेला आता मी एकटाच आहे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. हा कागद मात्र जपून ठेवावा, आणि एक प्रत वासुदेव जावळे यांना द्यावी.

जबाबाचं डच भाषांतर दुभाषीबाईंनी मला मराठीत सांगत सावकाश वाचून दाखवलं. ते मी लिहिल्याप्रमाणेच आहे. आजोबांचे शब्द माझ्या विनंतीवरून मराठीतच ठेवले आहेत, ते मी पाहिले आणि मग सही केली.

रुचिर म. ढवळे