माळावरचा क्रूस

बोस्नियातली आमची बस शहराकडे निघाली होती. पुढच्या बाकावर राबियाआजी आणि तिचा जुना शेजारी, सर्ब ख्रिस्ती ओस्तोया.

"वहिनी, तीस वर्षं तेच काय विचारता? लढाईत आपल्या गावात कुणालाही मारलं नाही. तुमचा मुलगा शाचिर जर्मनीत मजेत असेल."

"त्याला शेजारचं गाव धड सापडायचं नाही, म्हणे जर्मनी!"

"मग वाटेत चुकला असेल."

"भाऊजी, आत्ता छातीवर क्रूस का काढलात?"

"कब्रस्तान लागलं की काढतोच आम्ही. हाताची सवय."

"इथं तर नुसता माळ आहे."

ओस्तोयाने हात खिशात घातला. आजी उठून उभी राहिली.

"ड्रायव्हरदादा, बस थांबवा."

"आजी, तुमचं तिकीट शहरापर्यंतचं आहे."

"असू दे. उतरा भाऊजी. नेमकी जागा दाखवा, मग थर्मासमधली कॉफी पाजते."